सिनेमा : वेड की विद्या?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी वाचकांना उद्देशून लिहून काढले आहे.)



पारितोषिक समारंभात शिक्षकाने बोलावयाचे म्हटले की विषय ठरलेले असतात. शिस्त, वेळेचे महत्त्व, स्पर्धा परीक्षा आणि मुलींचे शिक्षण. हे विषय महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर मी यापूर्वी बोललोही आहे. यंदा मात्र मी सिनेमावर बोलणार आहे. आपल्या संस्थेच्या व्यासपीठावरून सिनेमाची बाजू मांडणारा मी बहुधा पहिलाच शिक्षक असेन. काही वडीलधाऱ्यांना हे रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. ज्यांना श्रद्धेच्या दृष्टीने सिनेमा मुळातच नापसंत आहे, त्यांच्याशी मला वाद घालावयाचा नाही. त्यांच्याविषयी मला आदर आहे. माझे सांगणे वेगळे आहे, आणि त्याची सुरुवात माझ्या एका चुकीपासून होते.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नोकरीत नवीन होतो. नववीच्या वर्गावर मराठी व्याकरणाचा तास चालू होता. समास शिकवीत होतो. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून काहीतरी लिहीत होता. मी जवळ गेलो आणि त्याच्या हातातील वही काढून घेतली. शंभर पानी साधी वही होती. वर लिहिले होते, ‘पाहिलेले सिनेमे’. मी ते शीर्षक मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला. मीही हसलो. ‘अब्बांना घेऊन ये, मग वही मिळेल,’ असे सांगून ती मी शिक्षक-खोलीच्या कपाटात ठेवून दिली.

त्याचे वडील आले नाहीत. हमरस्त्यावर त्यांचे पंक्चरचे दुकान आहे. दुकान बंद ठेवले की त्या दिवसाची कमाई बुडते. मुलाने वही पुन्हा मागितली नाही. मी ती विसरून गेलो. पुढे तो दहावी झाला, बारावी झाला, तालुक्याच्या कॉलेजातून बी. ए. झाला. माझ्या लक्षात राहिले ते एवढेच, की पूर्वी तास संपल्यावर प्रश्न विचारायला येणारा हा मुलगा त्या दिवसानंतर कधी आला नाही.

गेल्या वर्षाच्या आधीच्या जूनमध्ये शिक्षक-खोलीतील जुने कपाट बदलावयाचे ठरले. हजेरीपटांच्या गठ्ठ्याखाली ती वही सापडली. मी ती उभ्या उभ्याच वाचावयास घेतली, आणि मग खुर्ची ओढून बसलो.

वाचकहो, त्या वहीत नटनट्यांची नावे जवळजवळ नव्हती. गाण्यांच्या ओळी नव्हत्या. एकंदर ४३ सिनेमांची नोंद होती. प्रत्येक सिनेमाखाली तीन मथळे केले होते : ‘काय दिसले’, ‘काय कळले नाही’, आणि ‘असे का केले असेल’. चौदा वर्षांचा मुलगा रात्री वडिलांचा मोबाईल घेऊन सिनेमे पाहत होता आणि सकाळी त्यांचा अभ्यास करीत होता. समासाचा विग्रह मी फळ्यावर करीत होतो आणि तो सिनेमाचा विग्रह बाकाखाली करीत होता.

त्या वहीतील चार सिनेमांविषयी आपणांस सांगतो. हेच चार सिनेमे का, ते पुढे कळेल.

पहिला ‘संत तुकाराम’. प्रभात फिल्म कंपनीचा, १९३६ सालचा. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आहेत आणि गौरी नावाच्या अभिनेत्रीने जिजाईचे काम केले आहे. मुंबईत हा बोलपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. मूल आजारी पडते, तेव्हा जिजाई संतापून पायातली वहाण हाती घेते आणि थेट विठोबाला जाब विचारायला देवळात जाते. आमच्या विद्यार्थ्याने या प्रसंगाखाली लिहिले होते : ‘आधी हसू येते. मग आपण का हसलो याची लाज वाटते. एकाच प्रसंगात दोन्ही कसे आणले?’ हा प्रश्न मला मराठी शिकविताना कधी पडला नव्हता.

दुसरा ‘गर्म हवा’. दिग्दर्शक एम. एस. सथ्यू. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी त्याची पटकथा लिहिली. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या सलीम मिर्झा नावाच्या जोडे बनविणाऱ्या कारखानदाराची ही कहाणी आहे. ते काम बलराज साहनींनी केले. एप्रिल १९७३ मध्ये ते वारले आणि सिनेमा त्यानंतर प्रदर्शित झाला. एकेक नातलग पाकिस्तानात जातो, धंदा बुडतो, राहते घर जाते, मुलगी जिवानिशी जाते. अखेरीस सलीम मिर्झाही निघतात. पण वाटेत मोर्चा भेटतो, मुलगा त्यात शिरतो आणि बापही टांग्यातून उतरतो. वहीत नोंद होती : ‘गाडी पुन्हा पुन्हा सुटते. आपण गाडीत बसत नाही. दर वेळी सलीम मिर्झांबरोबर फलाटावर मागे राहतो.’ इतिहासाच्या पुस्तकात फाळणीचा धडा मी दर वर्षी शिकवितो. फलाटावर मागे राहणे म्हणजे काय, हे मला त्या तीन वाक्यांनी सांगितले.

तिसरा नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, २०१३ सालचा. शाळेत जाणारा जब्या आणि त्याचे घरचे लोक गावातली डुकरे पकडत असतात. शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, तसे सर्व जण जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निसटते. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट पडद्यासमोर बसलेल्या आपल्या दिशेने येतो. वहीत एकच ओळ होती : ‘आपण वर्गात कुणाला हसतो ते आठवले.’ या ओळीवरून मी पुढे सरकू शकलो नाही. कारण एका तासाला वर्गाला मीच हसवले होते.

चौथा इराणचा. अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७ सालचा ‘मित्राचे घर कुठे आहे?’ उत्तर इराणमधल्या कोकेर नावाच्या खेड्यात अहमद नावाचा मुलगा राहतो. त्याच्या शेजारी बसणारा मुलगा गृहपाठ वहीत न लिहिता सुट्या कागदावर लिहितो, म्हणून मास्तर तो कागद फाडतात आणि पुन्हा असे झाले तर शाळेतून काढून टाकू असे बजावतात. घरी गेल्यावर अहमदच्या लक्षात येते, की त्या मित्राची वही चुकून आपल्याच दप्तरात आली आहे. ती परत करण्यासाठी तो नागमोडी वाटेने टेकडी ओलांडून शेजारच्या गावात धावत जातो. मोठी माणसे त्याचे ऐकून घेत नाहीत. घर सापडत नाही. शेवटी तो रात्री बसून मित्राचा गृहपाठ स्वतःच लिहून काढतो. गोष्ट एवढीच. त्यात मारामारी नाही, गाणे नाही, खलनायक नाही. आमच्या विद्यार्थ्याने लिहिले होते : ‘एका वहीवर एवढा मोठा सिनेमा होतो. मग आपल्या गावात किती सिनेमे असतील?’

ही त्या वहीतली शेवटची नोंद होती. त्यानंतर ती वही माझ्या कपाटात गेली होती.

त्याच संध्याकाळी मी ती घेऊन त्याच्या वडिलांच्या दुकानावर गेलो. मुलगा ट्रकच्या चाकाशी बसला होता, हात कोपरापर्यंत काळे. वही पाहिल्यावर त्याने हात फडक्याला पुसले आणि दोन्ही हातांनी ती घेतली. रागाचा एक शब्द बोलला नाही. म्हणाला, ‘सर, नंतर आणखी चार भरल्या.’ मग हळूच त्याने सांगितले, की पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा द्यावी असे मनात आहे. पण अब्बांना मान्य नाही.

त्याचे वडील कॉम्प्रेसर बंद करून जवळ आले. ते म्हणाले, ‘सर, तुम्हीच ती वही काढून घेतली होती. मला बरं वाटलं होतं. सर आहेत, पोरावर लक्ष आहे, म्हटलं. आता तुम्हीच परत आणून देता?’

मला उत्तर सुचले नाही. ते पुढे बोलत राहिले. तीन वर्षे फी आणि पुण्यात राहण्याचा खर्च, त्यानंतर नोकरीची हमी नाही. घरात दोन मुली लग्नाच्या. स्वतःची कंबर आता धरते. शेवटी ते म्हणाले, ‘डॉक्टर कसा होतात ते आम्हाला माहीत आहे. मास्तर कसा होतात ते माहीत आहे. सिनेमात आपलं ओळखीचं कोण आहे, सर?’

वाचकहो, हा प्रश्न अडाणी माणसाचा नव्हे. ज्या वाटेने आपल्या माणसाचे पाऊल गेलेले दिसत नाही, त्या वाटेवर बाप मुलाला पाठवीत नाही. हा शहाणपणाच आहे. तेव्हा मी एवढेच म्हणालो, की रविवारी मगरिबनंतर दोघेही शाळेत या. एक सिनेमा एकत्र पाहू. मग तुम्ही म्हणाल तसे.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेच्या प्रोजेक्टरवर मी ‘संत तुकाराम’ लावला. आम्ही तिघे आणि शाळेचे शिपाईमामा, एवढेच प्रेक्षक. जुना, काळा-पांढरा, आवाजात खरखर. मला भीती होती की वडील कंटाळतील. ते कंटाळले नाहीत. जिजाई नवऱ्याला बोल लावू लागली, तशी त्यांनी मांडी बदलली. तुकारामांना न्यायला विमान येते आणि जिजाई पोराबाळांसह खालीच राहते, तेव्हा ते पुटपुटले, ‘ही तर आमची आई.’ दिवा लावल्यावर त्यांनी विचारले, ‘कुणी काढला हा?’

मी म्हणालो, ‘दामले आणि फत्तेलाल.’

‘फत्तेलाल? म्हणजे आपल्यातले?’

‘शेख फत्तेलाल. कागलचे.’

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘कागलला माझी बहीण दिली आहे.’

इथे मला आपणांपैकी तरुण वाचकांना थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या दाराशी घडूनही आपण विसरलो आहोत. कोल्हापुरात बाबूराव पेंटर नावाचे चित्रकार होते. सिनेमाचा कॅमेरा विकत घेणे परवडत नव्हते, तेव्हा त्यांनी तो सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतः तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये दाखवला. पुढे १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढून कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची कथा त्यांनी पडद्यावर आणली. त्यांच्या हाताखाली जी मुले शिकली, त्यांत विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल होते. लोक फत्तेलालांना साहेबमामा म्हणत. ते हाडाचे कलावंत. देखाव्यांची आखणी, मांडणी, वेशभूषा यांत त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता.

१ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. तिथे दामले आणि फत्तेलाल या जोडीने ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला, १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. मराठी माणसाच्या मनातले तुकोबा आणि ज्ञानोबा ज्या डोळ्यांनी पाहिले गेले, त्यांत दोन डोळे कागलच्या एका मुसलमान कलावंताचे होते. त्या काळी यात कुणाला नवल वाटले नाही. आज आपल्याला वाटते, हे आपले दुर्दैव.

याच प्रभातने १९४१ मध्ये ‘शेजारी’ काढला. जिवबा आणि मिर्झा या दोन जिवलग वृद्ध शेजाऱ्यांत स्वार्थी लोक फूट पाडतात आणि अखेर फुटणाऱ्या धरणावर दोघे एकमेकांचा हात धरून मरतात. मिर्झाचे काम गजानन जागीरदारांनी केले होते. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत मिर्झा जागीरदारच होते, आणि त्यांच्या हिंदू मित्राचे काम मझहर खान यांनी केले. हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू झाला. एवढी साधी योजना शंभर व्याख्यानांचे काम करून गेली.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. फत्तेलाल ज्या प्रभात स्टुडिओत काम करीत होते, त्याच जागेत १९६० साली केंद्र सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी तिथेच शिकले. ‘सलीम लंगडे पे मत रो’ आणि ‘नसीम’ काढणारे सईद मिर्झा तिथले विद्यार्थी. केरळमधील एका खेड्यातून आलेले रसूल पूकुट्टी तिथे ध्वनिमुद्रण शिकले आणि २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलिऑनेअर’साठी दोन सहकाऱ्यांसह ऑस्करचे मानकरी झाले. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याला जावयाचे होते ती जागा परकी नव्हती. कागलचा माणूस तिथे आधीच जाऊन आला होता.

वेड आणि विद्या यांत फरक काय, असे मला पुष्कळदा विचारतात. नटासारखे केस कापणे हे वेड. घरातून पैसे घेऊन मुंबईला पळून जाणे हे वेड, आणि त्यात किती मुलांचे आयुष्य नासले हे सर्वांना ठाऊक आहे. पण एखादी गोष्ट आवडली, म्हणून ती कशी केली हे शोधावयाला बसणे, ही विद्या. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, तेव्हा ते चाळिशीचे होते. ते नुसते भारावून थांबले नाहीत. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी हे तंत्र समजून घेतले, कॅमेरा आणला आणि आधी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप वाढताना चित्रित करून पाहिले. मग १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. सत्यजित राय यांनी १९५० मध्ये लंडनमध्ये ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा इटालियन सिनेमा पाहिला. त्यातून बळ घेऊन त्यांनी काढलेला ‘पथेर पांचाली’ १९५५ मध्ये पडद्यावर आला. दोघांनाही आवडत्या सिनेमाने विद्यार्थी बनवले. आमच्या मुलाच्या वहीतला तिसरा मथळा आठवा : ‘असे का केले असेल’. त्यातच विद्येची सुरुवात आहे.

आणखी एक गोष्ट. सिनेमा म्हणजे नट-नटी नव्हे. छायाचित्रण, ध्वनी, संकलन, कलादिग्दर्शन ही सर्व शिकण्याची आणि हाताने करावयाची कामे आहेत. आपल्या समाजात सुतार, लोहार, शिवणकाम, विणकाम, वायरिंग करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या हातांना हे काम परके नाही. आणि पडद्यावर आपण कसे दिसतो, याविषयी आपण तक्रार करतो. कधी नवाब, कधी कव्वाल, कधी बंदूकवाला. पंक्चर काढणारा, ऊसतोडीच्या हंगामात टायर बदलून देणारा, घरी दखनी आणि बाजारात मराठी बोलणारा माणूस तिथे दिसत नाही. तक्रार रास्त आहे. पण तो माणूस दाखवावयाचा असेल, तर त्याच्या घरातले कुणी तरी ते शिकले पाहिजे.

मुलाच्या वडिलांनी त्या रविवारनंतर होकार दिला, असे आपणांस वाटेल. तसे घडले नाही. ते म्हणाले, ‘परीक्षा देऊ दे. पुढचं पुढं.’ त्याने परीक्षा दिली. निवड झाली नाही. मला वाटले, आता विषय संपला. मी धीर द्यावा म्हणून दुकानावर गेलो. मुलगा दिसला नाही. वडील एकटेच जॅक लावीत होते. म्हणाले, ‘माडीवर अभ्यासाला बसवला आहे. एकदा अजून बसू दे. दोन तास दुकान मी बघतो.’

यंदा त्याने पुन्हा परीक्षा दिली आहे. निकाल अद्याप लागलेला नाही.

आणि म्हणून हे भाषण. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्ती-कर्ज निधीकडे त्याचा अर्ज आला आहे. समितीच्या मागील बैठकीत काही सदस्यांनी शंका काढली, की हा निधी उच्च शिक्षणासाठी आहे, सिनेमासाठी नाही. निधी समाजाच्या घामाचा आहे, तेव्हा शंका काढणे त्यांचे कर्तव्यच होते. माझे उत्तर असे : ही सरकारी संस्था आहे, दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमाला पदवीधरासच प्रवेश मिळतो आणि तोही कठीण परीक्षेने. याला उच्च शिक्षण म्हणावयाचे नसेल, तर कशाला म्हणावयाचे? मी पैसे फुकट मागत नाही, कर्ज मागतो. आणि जामीन म्हणून माझे नाव अर्जावर मी स्वतः लिहिले आहे.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाला सिनेमाचे वेड आहे म्हणून त्याला मारू नका आणि डोक्यावरही घेऊ नका. त्याला पदवी पुरी करावयास सांगा. आणि एक वही द्या. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमावर त्यात पान लिहावयास सांगा. दहा पानांनंतर वही बंद पडली, तर ते वेड होते; आपोआप उतरेल. वही भरली, तर शिक्षकाकडे घेऊन या.

शिक्षकबंधूंना एवढेच सांगतो. बाकाखालची वही काढून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. पण कपाटात ठेवण्यापूर्वी ती एकदा वाचावी. मी वाचली असती, तर त्या मुलाची सात वर्षे वाचली असती, आणि तास संपल्यावरचे त्याचे प्रश्नही मला मिळाले असते.

ही स्मरणिका आपल्या हाती पडेल, तोवर निकाल लागलेला असेल. तो कसाही असो. समितीपुढचा अर्ज त्या एका मुलाचा असला, तरी प्रश्न त्याच्या मागून येणाऱ्यांचाही आहे. आपण त्याचा विचार करावा, ही विनंती.

खुदा हाफिज.